लायब्ररी म्युझिकवर घर चालतं का? सांगलीतून एक उत्तर

विट्याच्या एका तरुणाने मला विचारलं आहे. वय 27, सूतगिरणीच्या ऑफिसात नोकरी, गणपतीत आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो, रात्री घरी कॉम्प्युटरवर चाली बांधतो. त्याचा प्रश्न असा: 'ताई, टीव्हीवाल्यांना, जाहिरातवाल्यांना तयार संगीत पुरवणाऱ्या लायब्रऱ्या असतात म्हणे. तुम्ही सांगलीत राहून तेच काम करता. त्यावर घर चालतं का? सुरुवात कुठून करू? मुंबईला जावं लागेल का? आणि नोकरी सोडू का?'

घर चालतं. माझं गेली नऊ वर्षं निव्वळ याच कामावर चाललंय. पण त्याआधीची सहा वर्षं मी विश्रामबागेत हार्मोनियमचे क्लास घेत होते आणि घर त्या क्लासच्या फीवर चालत होतं. तुम्ही या नऊ वर्षांकडे बघून प्रश्न विचारलाय, मी त्या सहा वर्षांबद्दल जास्त सांगणार आहे, कारण तुम्हाला आधी तीच काढायची आहेत.

धंदा नेमका काय आहे ते आधी बघू. मालिकेचं शीर्षकगीत किंवा सिनेमाचं पार्श्वसंगीत म्हणजे माप देऊन शिवून घेतलेला सदरा. आपला माल रेडिमेड. कुणी मागितलेलं नसताना आपण ट्रॅक करून ठेवतो, लायब्ररी तो आपल्या कॅटलॉगमध्ये लावते आणि कुठल्या तरी स्टुडिओतला एडिटर शोधता शोधता त्याच्यापाशी येऊन थांबतो. हे फार जुनं आहे. लंडनची डी वुल्फ ही लायब्ररी 1909 सालची. तेव्हा मूकपटाच्या पडद्यापुढे बसलेल्या वादकांना पाठलागाला एक, विरहाला एक, वादळाला एक अशी छापील नोटेशन्स लागायची, ती हे लोक पुरवायचे. आपल्याकडे नाटकात प्रवेश बदलताना ऑर्गनवाला आणि तबलजी मिळून जे 'भरायचे', ते काम याच्या अगदी जवळचं. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ज्या गावात पहिलं नाटक उभं केलं त्या गावात बसून मी हे लिहितेय, त्यामुळे 'भरणं' हा शब्द मला कमीपणाचा वाटत नाही. प्रसंग पुढे असतो, आपण मागे उभं राहून त्याला आधार देतो.

म्हणून आपला खरा श्रोता कोण, हे मनात पक्कं पाहिजे. आपला श्रोता म्हणजे रात्री दोन वाजता कानाला हेडफोन लावून बसलेला एडिटर. सकाळी एपिसोड जायचाय, दुष्काळी गावातल्या बाईच्या मुलाखतीखाली चाळीस सेकंदांचं काहीतरी हवंय, आणि समोर शेकडो ट्रॅकची यादी आहे. तो प्रत्येक ट्रॅकला सात-आठ सेकंद देतो. तुमचा आलाप विसाव्या सेकंदाला फुलणार असेल तर तो फुललेला त्याला ऐकायला मिळणारच नाही. कल्पना पहिल्या पाच सेकंदांत कळली पाहिजे.

एक ट्रॅक उघडून दाखवते. माझ्या आतापर्यंतच्या कामातला सगळ्यात जास्त चाललेला ट्रॅक 2 मिनिटं 14 सेकंदांचा आहे. मध्यलय, केरव्याचा ठेका, मिनिटाला 92 मात्रा. सुरुवातीला फक्त तुणतुणं आणि त्याखाली तंबोरा. चार सेकंदांत ठेका येतो. आठ-आठ आवर्तनांचे तुकडे, प्रत्येक तुकडा संपताना अर्धी मात्रा सगळं गप्प. ती गप्प जागा एडिटरच्या कात्रीसाठी आहे. तिथे कापलं तर जोड ऐकू येत नाही. दुसऱ्या तुकड्यात एकच वाद्य वाढतं, तिसऱ्यात आणखी एक. मधेच पट्टी बदलायची हौस करायची नाही, कारण मग पहिला तुकडा तिसऱ्याला जोडता येत नाही. आणि शेवट मिटत मिटत जाणारा अजिबात नको. एडिटरला ठाम शेवट लागतो, चित्र काळं होताना ठाप पडावी आणि तिचा घुमारा तेवढा राहावा असा. इथे आपल्या पदरात एक गोष्ट आयती आहे: तिहाई. तीनदा तोच बोल आणि सम. मी शेवट कायम तिहाईने करते. परदेशातल्या एका लायब्ररीच्या माणसाने मला कळवलं होतं की त्यांच्याकडचे लोक अख्खा ट्रॅक सोडून नुसती शेवटची सहा सेकंदं उचलतात. तेव्हापासून तिहाईचा तुकडा मी वेगळी फाइल म्हणूनही देते.

एका ट्रॅकच्या अशा बऱ्याच फाइली द्याव्या लागतात. पूर्ण ट्रॅक, मग 60, 30 आणि 15 सेकंदांचे, मुख्य सुरावट काढून टाकलेला, नुसता ठेका आणि खर्ज असलेला, शिवाय प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल, म्हणजे स्टेम. सगळं 48 किलोहर्ट्झ, 24 बिटच्या वेव्ह फाइलमध्ये. नवीन माणसं इथे कंटाळा करतात. पण सुरावट काढून टाकलेला मिक्स हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं साधारण 1 ते 4 किलोहर्ट्झमध्ये कळतात आणि सनई, हार्मोनियम, बासरीचा वरचा भाग नेमका तिथेच येऊन बसतो. बाई रडत रडत बोलतेय आणि वर सनई वाजतेय असं झालं, की एडिटर तुमचा ट्रॅक बंद करून पुढच्याकडे जातो. तोच ट्रॅक सनईशिवाय मिळाला तर ठेवतो. बेंजो पार्टीत तुम्हाला सगळ्यांच्या वर ऐकू यायची सवय लागलेली असणार. ती इथे सोडावी लागेल, आणि माझ्या अनुभवात शिकायला सगळ्यात अवघड तेच आहे.

आता काय करायचं, यापेक्षा कशाचं करायचं हा प्रश्न मोठा आहे. उत्साही गिटार आणि टाळ्यांची कॉर्पोरेट धून करणारे जगात हजारो आहेत, आणि आता तशी धून एक वाक्य टाइप केलं की एआयसुद्धा देतं. त्या बाजारात विट्याहून किंवा सांगलीहून उतरण्यात अर्थ नाही, हे मी अगदी कळकळीने सांगते. आपल्या भोवती जे वाजतं ते नीट, स्वच्छ ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं जगात फार थोडं आहे. हलगी, घुमकं, कैताळ, संबळ, चौंडकं, दिमडी. तुमच्या शेजारच्या आटपाडी-जत भागातले धनगरांचे गजी ढोल. यातलं बरंचसं जत्रेत मोबाइलवर टिपलेलं सापडतं, पण एडिटरला वापरता येईल असं नसतं.

हलगीचंच सांगते. कवठेमहांकाळकडचे एक दादा माझ्याकडे वाजवायला येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी खोली बंद करून, भिंतींना वाकळा लावून, माइक मांडून तयार होते. त्यांनी आल्या आल्या विचारलं, 'जाळ कुठाय?' हलगी शेकल्याशिवाय वाजत नाही हे मला ऐकून माहीत होतं, पण त्याचा रेकॉर्डिंगशी काय संबंध ते त्या दिवशी कळलं. अंगणात पाचट पेटवून त्यांनी कातडं तापवलं, बोटाने ठोकून बघितलं, परत तापवलं. आत आल्यावर पहिली आठ-दहा मिनिटं तिचा आवाज टणक, काचेसारखा. मग कातडं निवत जातं आणि सूर हळूहळू खाली येतो. मी चाळीस मिनिटं सलग मुद्रण केलं आणि रात्री जोडायला बसले तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या टेकमध्ये दोन वेगळ्या हलग्या वाटाव्यात एवढा फरक. सगळं फुकट गेलं. आता आम्ही सात मिनिटांचे टेक घेतो, दर टेकनंतर शेकणं, आणि शेकल्यावर प्रत्येक वेळी एक ठोका नुसता वाजवून घेतो, म्हणजे जुळवायला खूण राहते. पावसाळ्यात हे काम घेतच नाही. आणि ऊसाचा हंगाम सुरू झाला की रात्रीचंही घेत नाही. आमच्या रस्त्याने ट्रॅक्टर जातात, दोन-दोन ट्रॉल्या आणि मोठ्याने लावलेली गाणी. माइकला ती अर्धा किलोमीटर आधीपासून ऐकू येतात.

तंबोऱ्यासाठी मी मिरजेला जाते. सतारमेकर गल्लीत आजही भोपळा कापण्यापासून जवारी काढण्यापर्यंतचं काम हाताने चालतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत एका जागी कारागीर थांबतो आणि तार एकदम उघडी बोलायला लागते. ते मी जवळ माइक धरून टिपलंय. नुसत्या त्या आवाजाचे, धागा सरकताना बदलत जाणाऱ्या गुंजनाचे, मी तीन ट्रॅक केले. ध्यान, विज्ञान आणि अंतराळ अशा तीन वेगवेगळ्या शीर्षकांखाली ते गेले, आणि तिन्ही चालले. तंबोरा मात्र काळी एक, काळी दोन असा गायकाच्या सोयीने न लावता लायब्ररीसाठी सी किंवा डी मध्ये, ए म्हणजे 440 हर्ट्झ या हिशेबाने लावून घ्या. पुढे कुणाला त्यावर पियानो चढवायचा असतो.

सामानाबद्दल फार विचार करू नका. बरा कॉम्प्युटर, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर आणि एक डायनॅमिक माइक, बंद कानांचे हेडफोन. सॉफ्टवेअरला रीपर पुरतं, त्याचा वैयक्तिक परवाना 60 डॉलरचा आहे. महागडे स्पीकर घेण्याआधी वाकळा घ्या.

आता पैसे. ते दोन वाटांनी येतात, आणि हे दोन वेगळे ओळखू न आल्यामुळे माझं जे नुकसान झालं ते पुढे सांगते. पहिली वाट परवान्याची: लायब्ररी ट्रॅक घेताना काही रक्कम हातात देते, किंवा ट्रॅक विकला गेला की ठरलेला हिस्सा देते, बहुतेकदा निम्मा. दुसरी वाट प्रसारणाची. ट्रॅक टीव्हीवर, रेडिओवर वाजला की चॅनेलने क्यू शीट भरायची असते, म्हणजे कुठला ट्रॅक, किती सेकंद, कर्ता कोण. त्यावरून त्या त्या देशातली कॉपीराइट सोसायटी, म्हणजे कर्त्यांची हक्काची रक्कम वसूल करणारी संस्था, रॉयल्टी गोळा करते. रूढ पद्धतीने त्यातला अर्धा वाटा प्रकाशकाचा, म्हणजे लायब्ररीचा, आणि अर्धा कर्त्याचा. कर्त्याच्या या वाट्याला सगळे रायटर्स शेअर म्हणतात. हा अर्धा वाटा लायब्ररीच्या हातून येत नाही, सोसायटीकडून थेट तुमच्या खात्यात येतो. लायब्ररी बुडाली, विकली गेली, मालक बदलला तरी तो येत राहतो.

पण येतो सावकाश. आज केलेला ट्रॅक लायब्ररी चार-सहा महिन्यांनी प्रसिद्ध करते. कुणाच्या तरी नजरेला पडायला आणखी काही महिने. वाजला, क्यू शीट गेली, परदेशी सोसायटीने वाटप केलं, तिने इथल्या सोसायटीला पाठवलं. पहिला परदेशी पैसा हातात पडायला मला दोन वर्षं लागली. माझे स्वतःचे आकडे सांगते, एकरकमी विकलेले ट्रॅक सोडून: पहिल्या वर्षी 22 ट्रॅक गेले आणि मिळाले 11,400 रुपये. तिसऱ्या वर्षी कॅटलॉग 110 चा झाला, तेव्हा वर्षाचे साधारण 90,000. सहाव्या वर्षी तीनशेच्या आसपास ट्रॅक झाले आणि महिन्याची सरासरी 38,000 वर आली, तेव्हा मी क्लास बंद केले. सरासरी म्हटलं, कारण दरमहा काही येत नाही. तिमाहीला येतं, आणि एखादी तिमाही कोरडी जाते. आज 640 ट्रॅक आहेत. त्यातले तीसेक ट्रॅक निम्म्याहून जास्त पैसे आणतात, आणि ते तीस कोणते ठरतील हे करताना मला एकदाही ओळखता आलं नाही. म्हणून एकाच ट्रॅकवर महिनाभर घोटत बसू नका. तासगावकडचा बागायतदार द्राक्षाची बाग लावून पहिल्याच वर्षी घड मोजत नाही, तशी पहिली तीन वर्षं नुसती लावणीची धरा.

आता ते नुकसान. 2010 साली, अगदी सुरुवातीला, एका कंपनीने माझे 40 ट्रॅक एकरकमी 60,000 रुपयांना घेतले. तेव्हा ती रक्कम मला डोंगराएवढी वाटली होती. करार इंग्रजीत, अकरा पानी. मी शेवटच्या पानावर सही केली. त्यात रायटर्स शेअरसकट सगळे हक्क, सगळ्या जगासाठी, कायमचे दिलेले होते, आणि ट्रॅकवर माझं नाव घालायचंही बंधन नव्हतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाण्याने 57 फूट ओलांडले. आमच्या खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी होतं. आम्ही मिरजेला मावसबहिणीकडे जाऊन राहिलो होतो. सगळे मोबाइलवर बातम्या बघत होते. एका वाहिनीवर होडीतून घेतलेली सांगलीची दृश्यं लागली, आणि त्याखाली सारंगी वाजायला लागली. ती माझी चाल होती. त्या चाळीसातली. सारंगीच्या मागे जो हार्मोनियमचा षड्ज धरलेला आहे तो माझ्या हाताचा, आणि ती पेटी त्या क्षणी खालच्या खोलीत पाण्यात होती. मी कुणाला काही बोलले नाही. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की तो ट्रॅक बऱ्याच ठिकाणी वाजलाय आणि दुसऱ्याच नावाने नोंदलेला आहे. करारावर माझी सही होती. काही करता आलं नाही.

म्हणून कागद वाचा. वाचता येत नसेल तर वाचून समजावणारा गाठा, त्याची फी ट्रॅकच्या पैशातून गेली तरी चालेल. कायदा आज कर्त्याच्या बाजूने बराच सरकलाय. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर भारतात संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा कंपनीला देऊन टाकता येत नाही किंवा त्यावर पाणी सोडता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. चित्रपटगृहातलं प्रदर्शन तेवढं यातून वगळलंय. हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतंच धरतात. त्यामुळेच कंपन्या 'कायमचे' आणि 'सर्व जगात' हे शब्द आठवणीने घालतात. परदेशी कंपनीचा करार मात्र बहुतेकदा तिकडच्या कायद्याने चालतो, तिथे 'वर्क फॉर हायर', म्हणजे काम तुमचं पण कायद्याने कर्ता कंपनी, हे शब्द दिसले की थांबा आणि विचारा. एकरकमी विक्री कायम वाईटच, असं मी म्हणत नाही. घराला गरज असते तेव्हा मीही परवान्याचे पैसे एकरकमी घेतले आहेत. पण रायटर्स शेअर आणि नाव त्या 2010 नंतर मी कुणाला दिलेलं नाही. संगीतरचनेचा हक्क कर्त्याच्या आयुष्यभर आणि पुढे 60 वर्षं टिकतो. तुमच्या नातवंडांची ती वस्तू आहे, 27 व्या वर्षीच्या अडचणीत ती विकू नका. आणखी एक कलम मागून घ्या: राजकीय प्रचार, दारू, तंबाखू यांना वापर नको. सगळे देत नाहीत, मागितलं तर काही देतात.

पहिला करार करण्याआधी आयपीआरएस या भारतातल्या संगीतकार-गीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सदस्यत्व घ्या. ही सोसायटी 1969 पासून आहे आणि 2017 मध्ये दुरुस्त कायद्याखाली तिची परत नोंदणी झाली. परदेशी सोसायट्यांशी तिचे करार आहेत, त्यामुळे इंग्लंडात वाजलेल्याचे पैसे इकडे येऊ शकतात. सदस्य झालात की आयपीआय क्रमांक, म्हणजे कर्त्याचा जगभर चालणारा ओळख क्रमांक, मिळतो. तो प्रत्येक ट्रॅकच्या माहितीत गेलाच पाहिजे. सांगली जिल्ह्यात पाटील, शिंदे, जाधव किती आहेत तुम्हाला माहीत आहे, आणि एका पाटलाचे पैसे दुसऱ्या पाटलाच्या खात्यात जाऊन पडतात. नाव इंग्रजीत एकाच स्पेलिंगने, कायम. माझ्या वडिलांचं नाव एका ठिकाणी घातलं आणि एका ठिकाणी गाळलं म्हणून माझे काही ट्रॅक दीड वर्ष बेवारस पडून होते. आपल्या वाहिन्यांच्या क्यू शीट अजून अर्धवट भरलेल्या असतात असा माझा अनुभव आहे, म्हणून आपलं काही वाजताना दिसलं की वाहिनी, कार्यक्रम, तारीख, वेळ वहीत लिहून ठेवा आणि सोसायटीला कळवा. मी तशी वही ठेवली आहे, आणि तिच्यामुळे मला दोनदा पैसे मिळाले. काही स्वस्त लायब्रऱ्या उलट कुठल्याच सोसायटीचा सदस्य नसलेला कर्ता मागतात, कारण त्यांना गिऱ्हाइकाला 'पुढे काही रॉयल्टी नाही' असं सांगायचं असतं. त्यांच्याकडे जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी जात नाही.

माझ्या बाबतीत जे झालं ते मी दादांच्या बाबतीत करू नये, याची मला कायम धास्ती असते. हलगीवाले दादा सही करतात, पण वाचायला त्यांना जड जातं. आमचा कागद एक पानी आहे आणि मराठीत आहे. आज वाजवल्याचे किती मिळाले, हे वाजवलेलं कुठे कुठे वापरलं जाईल, ट्रॅकवर नाव कसं येईल, आणि माझ्या वाट्यातला किती टक्के त्यांना जाईल. मी तो मोठ्याने वाचते, त्यांचा मुलगा ऐकतो, मग सही. लायब्ररीलाही हे लागतंच, वादकाची लेखी संमती नसेल तर चांगली लायब्ररी ट्रॅक घेत नाही. बेंजो पार्टीतल्या मित्रांकडून 'यारीत' वाजवून घेणार असाल तरी कागद करा. यारी तुटते ती पहिली रॉयल्टी आल्यावर.

चालींचंही सांभाळा. राग कुणाच्या मालकीचा नाही, गोंधळ, ओवी, वासुदेवाची पारंपरिक चालही नाही. पण तुम्ही लहानपणापासून पारंपरिक समजत असलेली चाल कुणा संगीतकाराने साठ-सत्तर वर्षांपूर्वी रेकॉर्डसाठी बांधलेली असू शकते. शंका आली की सोडून द्या. विकतचे तयार लूपही नकोत, निदान एकाच लायब्ररीला कायमचा देणार असाल त्या ट्रॅकमध्ये तर नकोतच. तोच लूप दुसऱ्याने वापरलेला असतो आणि संगीत ऐकून त्याचा मालक ओळखणारी यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा दोघांच्या मालकीत घोळ घालते. आणि काही लायब्रऱ्या आता लिहून मागतात की यात एआय वापरलेलं नाही. खरं असेल तरच लिहून द्या.

मुंबईला जावं लागत नाही. मी पंधरा वर्षांत महालक्ष्मी एक्स्प्रेसने कामासाठी मोजून आठ-नऊ वेळा गेले असेन. लायब्रऱ्या लिंक ऐकतात. पाठवताना पंचवीस ट्रॅक पाठवू नका. एकाच विषयावरचे चार पाठवा, सगळ्या फाइलींसकट तयार. 'हलगी आणि संबळ, तणाव आणि पाठलाग' असा एक गठ्ठा लायब्ररीला अल्बम म्हणून लगेच डोळ्यासमोर येतो. त्याआधी तिच्या कॅटलॉगमध्ये काय आहे ते दोन रात्री बसून ऐका. ट्रॅकचं वर्णन लिहिताना 'सुंदर, भावपूर्ण' असलं काही नको. एडिटर शोधतो तसे शब्द हवेत: कोरडं माळरान, चालत जाणारी माणसं, गुपित, तपास, यात्रा, सुगी. हलगीला हलगी म्हणाच, पण सोबत 'हातात धरून वाजवायचं भारतीय चर्मवाद्य' असंही इंग्रजीत लिहा, नाहीतर लंडनमधल्या माणसाला ती सापडणार नाही. उत्तर यायला दोन-तीन महिने लागतात, बऱ्याच जणांचं येतच नाही. मला पहिल्या होकाराआधी सतरा ठिकाणांहून काही उत्तर आलं नव्हतं. त्या काळात मी ट्रॅक करत होते, आणि त्यातले बरेचसे पुढे गेले.

कराचं थोडक्यात. अमेरिकी कंपनीशी काम असेल तर डब्ल्यू-8 बेन फॉर्म भरा. त्याशिवाय तिथे 30 टक्के कापतात, भरला की भारत-अमेरिका कर करारानुसार रॉयल्टीवर 15 टक्के, आणि ते इथल्या रिटर्नमध्ये वजा मिळवता येतात. बाकी सांगलीतला कुठलाही निर्यातीची कामं बघणारा सीए सांगेल. पहिल्या वर्षापासून त्याच्याकडे जा, पैसे कमी असले तरी.

आता नोकरी. सोडू नका. सूतगिरणीचा पगार हा तुमच्या कॅटलॉगचा भांडवलदार आहे, त्याच्यामुळेच तुम्हाला वाईट कराराला नाही म्हणता येईल. महिन्याला तीन ट्रॅक, सगळ्या फाइलींसकट, एवढंच ठरवा. तीन वर्षांत शंभर होतील. रॉयल्टीचं बारा महिन्यांचं उत्पन्न सलग दोन वर्षं तुमच्या पगाराइतकं आलं, म्हणजे घरच्यांसमोर विषय काढायला हरकत नाही. आणि बेंजो पार्टीही सोडू नका, निदान यंदा तरी. तिथे हलगी, ताशा, ढोल वाजवणारी जी माणसं तुमच्या दोन्ही बाजूंना उभी असतात, त्यांच्यातल्या कुणाचा हात गोड आहे ते तुम्हाला आत्ताच माहीत आहे. गणपती झाले, पाऊस ओसरला की त्यातल्या एकाला रविवारी सकाळी घरी बोलावा. अंगणात जाळाची सोय करून ठेवा.